इंजिनाचे पाणी आणि ऋतुमान



दसरा उलटला, की आमच्या लिंबागणेशच्या रस्त्यावर एक ठरलेले दृश्य दिसू लागते. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणारा हा रस्ता. त्यावरून ट्रॅक्टर निघालेले असतात. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत चुलीची भांडी, ज्वारीची पोती, एखादी शेळी, आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली मुलेबाळे. ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात, पाच-सहा महिन्यांसाठी चाललेल्या असतात. निघण्यापूर्वी भालचंद्र गणपतीपुढे नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. ट्रॅक्टरवाला ऑइल पाहतो, टायर ठोकून पाहतो, डिझेल भरतो. आणि जाता जाता रेडिएटरचे झाकण काढून बोअरची नळी आत सोडतो. पाणी तोंडाशी आले की झाकण लावून मोकळा होतो.

आज मला बोलायचे आहे ते या शेवटच्या कृतीविषयी. मी यंत्रांचा जाणकार नव्हे. भूगोल शिकवणारा एक अध्यापक, आणि एका जुन्या जीपचा मालक. पण जीपने मला शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने इतक्या लौकर शिकवले नसते, आणि थोडासा भूगोलही या गोष्टीत आहेच.

ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांना विहिरीवरचे ऑइल इंजिन आठवत असेल. पट्ट्याने पंपाला जोडलेले, फट्‌फट्‌ करीत दिवसभर चालणारे. पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी काढून ती इंजिनाकडे नेलेली असे. ते पाणी इंजिनाच्या पोटातून फिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडे ते चांगले कढत होऊन. मार्गशीर्षातल्या सकाळी त्या धारेखाली अंघोळ करायला आम्हां पोरांची भांडणे होत. त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नसे, पण इंजिनाला थंड ठेवणे म्हणजे काय, याचा तो उघडा धडाच होता.

त्या इंजिनाला सतत नवे पाणी मिळे, कारण विहीर शेजारीच होती. ट्रॅक्टरला विहीर बरोबर नेता येत नाही. म्हणून तेच आठ-दहा लिटर पाणी पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. एक छोटा पंप ते इंजिनाच्या अंगात ढकलतो; तिथे तापलेले पाणी रेडिएटरच्या माथ्यावर येते, बारीक नळ्यांतून खाली उतरते, पंख्याची हवा त्या नळ्यांवरून वाहते, आणि निवलेले पाणी खालच्या पाइपाने परत इंजिनात जाते. मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर पहिल्यांदा बसला तो १९०१ साली रस्त्यावर आलेल्या एका मर्सिडीज गाडीला. तो विल्हेल्म मायबाख या जर्मन माणसाच्या कल्पनेतून निघाला. शंभर-सव्वाशे वर्षे झाली, तरी मूळ युक्ती तीच आहे.

हे पाणी किती ओझे वाहते म्हणाल, तर जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश प्रत्यक्ष कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेल्यातली बहुतेक या पाण्याला उचलून न्यावी लागते. सिलिंडरमधला जाळ क्षणभर दोन हजार अंशांच्या आसपास जातो. पिस्टन असतो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि निव्वळ अॅल्युमिनियम वितळते ६६० अंशांना. म्हणजे तो पिस्टन जो शाबूत राहतो तो या आठ-दहा लिटरांच्या आणि ऑइलच्या जिवावर. इतके महत्त्वाचे पाणी आपण ज्या सहजपणे भरतो, ती सहजता मला अलीकडे खटकू लागली आहे.

आता भूगोलाकडे येतो. लिंबागणेश बालाघाटच्या पठारावर आहे. खाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. त्याच्या भेगांत जे पाणी मुरते ते वर्षानुवर्षे दगडाशी बोलत असते, आणि दगडातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. बोअर जितके खोल, तितके हे पाणी बहुधा अधिक जड. साबणाला फेस येत नाही, डाळ लौकर शिजत नाही, बंबाच्या आत पांढरा थर बसतो, ही आपल्या बायामाणसांची रोजची तक्रार. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात.

गुरुजी मंडळींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीत पावसाचे पाणी, दुसरीत बोअरचे. दोहोंत सारखाच साबणाचा कीस टाकून हलवावे आणि फेस पाहावा. मग दोन वाट्यांत दोन्ही पाणी आटवावे. पावसाच्या पाण्याची वाटी जवळजवळ स्वच्छ राहील, बोअरच्या पाण्याच्या वाटीत पांढरी राख उरेल. मुलांना सांगावे, ही राख ट्रॅक्टरच्या पोटात बसते.

आणि ती एकदाच बसून थांबत नाही. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मात्र जात नाहीत. आपण वरून पुन्हा बोअरचे पाणी घालतो, म्हणजे पुन्हा नवे क्षार. महिन्या-दोन महिन्यांत रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, आणि त्याहून वाईट म्हणजे सिलिंडरच्या भोवती, खपली धरते. ही खपली उष्णता पुढे जाऊ देत नाही. लोखंडाला जणू घोंगडी पांघरल्यासारखे होते. पाणी आहे, पंप फिरतो आहे, पंखा चालतो आहे, आणि तरी इंजिन तापते. मालक म्हणतो, "पाणी तर काठोकाठ हाय." खरेच असते ते. पण पाणी आणि लोखंड यांच्यामध्ये भिंत उभी राहिलेली असते, ती वरून दिसत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट पाण्याची निवड. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी सर्वांत चांगले. ते जवळ नसेल तर पावसाचे. पहिल्या दोन-तीन सरींनी पत्रा धुऊन निघाल्यावर पत्र्याचे पाणी फडक्याने गाळून एका स्वच्छ कॅनमध्ये भरून ठेवावे, वर्षभर पुरते. यंत्रातून शुद्ध केलेले जारचे पाणीही बोअरच्या पाण्यापेक्षा बरे. ज्या जिल्ह्याने पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली आहे, तिथे इंजिनासाठी निराळे पाणी राखून ठेवा असे सांगताना मला संकोच होतो. पण लागते ते वर्षाकाठी दोन कळशा, आणि ते आभाळातून फुकट पडते.

दुसरी गोष्ट कूलंट. हिरव्या, निळ्या किंवा गुलाबी रंगाचे हे द्रव्य दुकानात मिळते. त्याचे जुने नाव अँटीफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारे, आणि या नावानेच आपल्याकडे घोटाळा केला आहे. आमच्या गावातला एक जुना ड्रायव्हर मला म्हणाला, "सर, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय? ते थंड मुलखातल्या लोकांचं काम." बोलणे अगदी तर्कशुद्ध! थंड मुलखात ते खरोखरच त्याच कामासाठी निघाले. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि त्या फुगण्यापुढे ओतीव लोखंडाचा ब्लॉकसुद्धा तडकतो. मोटारींच्या आरंभीच्या काळात लोक पाण्यात स्पिरिट घालीत, ग्लिसरीन घालीत. पुढे इथिलीन ग्लायकॉल आले. ते १८५६ साली वुर्ट्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने प्रथम तयार केले होते, पण मोटारीत त्याचा सर्रास वापर व्हायला विसावे शतक बरेच पुढे सरकावे लागले. आपला कांदा घेऊन काश्मीरला जाणाऱ्या ट्रकला, किंवा द्रासमध्ये आपल्या जवानांच्या गाड्यांना, जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे जातो, त्यांना ते घातल्यावाचून गत्यंतर नाही.

यात एक मौज आहे. निव्वळ ग्लायकॉल शून्याखाली साधारण तेरा अंशांवर गोठते. पण त्यात तितकेच पाणी मिसळले, तर ते मिश्रण शून्याखाली सदतीस अंशांपर्यंत टिकते. दोघे मिळून एकेकट्यापेक्षा जास्त थंडी सोसतात. म्हणून जास्त घातले म्हणजे जास्त चांगले, हा हिशेब इथे लागू नाही. उलट उष्णता वाहून नेण्यात पाणीच ग्लायकॉलपेक्षा सरस. निव्वळ कूलंट भरले तर इंजिन अधिक तापेल.

पण मग आपल्या बीड जिल्ह्यात, जिथे वैशाखात बेचाळीस अंश ही नवलाची गोष्ट नाही, त्याचे काय काम? काम आहे, आणि ते गोठण्याचे नव्हे, उकळण्याचे आहे. पाणी शंभर अंशांना उकळते हे आपण मुलांना शिकवतो, पण ते समुद्रसपाटीवर. दर तीनशे मीटर चढलो की उकळण्याचा अंश सुमारे एकाने खाली येतो. बालाघाटावर आपण मुळातच दोनेक अंशांनी मागे आहोत. अर्धे पाणी, अर्धे ग्लायकॉल असे मिश्रण सात-आठ अंश उशिरा उकळते. त्यावर रेडिएटरचे झाकण आपला दाब धरते, त्याने आणखी दहा-पंधरा अंशांची सवलत मिळते. उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ही सवलतच इंजिनाला वाचवते. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात. त्यांचा गुण काळाने सरतो. जुन्या पद्धतीच्या कूलंटचा साधारण दोन वर्षांत, नव्या पद्धतीच्याचा पाच वर्षांपर्यंत. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही, कारण रंग कारखानदाराच्या मर्जीचा. दोन जातींचे कूलंट एकमेकांत मिसळू नये. काही वेळा आत चिकट गाळ धरतो. डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिले असेल तर त्यात पाणी घालायचे नाही. निव्वळ असेल तर पुस्तिकेत सांगितले असेल त्या प्रमाणात. आपल्या हवेत एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी एवढेही पुष्कळ यंत्रांना पुरते.

आता ऋतूंचे पाहू. ट्रॅक्टरचे वर्ष आपल्याकडे पाडव्याला नव्हे, दसऱ्याला सुरू होते. निघण्यापूर्वी आठ दिवस, यंत्र पूर्ण निवलेले असताना, खालची चकती किंवा बूच काढून जुने पाणी सोडून द्यावे. ब्लॉकलाही बहुधा एक बूच असते, ते विसरू नये. गढूळ, तांबडे पाणी आले तर स्वच्छ पाण्याने धुऊन काढावे. खपली फार असेल तर मिस्त्रीकडून औषध घालून काढवावी. घरचे अॅसिड ओतू नये, ते खपलीबरोबर धातूही खाते. मग रबरी पाइप दाबून पाहावे. फुगलेला, भेगाळलेला, किंवा दाबल्यावर भाकरीसारखा कडक लागणारा पाइप बदलून टाकावा. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर बोटाच्या जाडीइतका लवावा. फार सैल असेल तर पंखा आणि पंप दोघेही आळस करतात. झाकणाचे रबर आणि स्प्रिंग पाहावी. साध्या झाकणाकडे कोणी बघत नाही, आणि दाब धरण्याचे सारे काम तेच करते. नवे मिश्रण हळूहळू भरावे, झाकण उघडे ठेवून इंजिन थोडे चालवावे म्हणजे अडकलेली हवा निघून जाते, मग पातळी पुरी करावी.

पौष-माघातल्या थंडीत निराळीच चूक होते. इंजिनात थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा दरवाजा असतो. पाणी साधारण ऐंशी अंश तापेपर्यंत तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लौकर उबेला येते. ट्रॅक्टर तापू लागला की कोणीतरी शहाणा सल्ला देतो, "ते काढून फेका." काढल्यावर काट्यावर फरक दिसतो, मालक खूष होतो. पण थंडीच्या पहाटे तेच इंजिन तासभर गार राहते. डिझेल जास्त खाते, काळा धूर ओकते, ऑइल पातळ होते आणि सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच फिरत राहते, आणि उन्हाळ्यात उलट जास्त तापते. बिघडला असेल तर बदलावा. रिकामी जागा ठेवू नये.

होळीच्या सुमाराला टोळ्या परतू लागतात, आणि इथेच बहुतेक ट्रॅक्टर दगा देतात. चार-पाच महिने फडात काढलेल्या रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुगा, धूळ आणि ग्रीस यांचा जाड थर बसलेला असतो. थंडीत ते निभावून जाते. फाल्गुनाचे ऊन लागले, की हवा जायला वाट नाही. जाळी धुवावी ती पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, मंद धारेने. समोरून जोराची धार मारली तर कचरा आत रुततो आणि पातळ पत्र्या वाकतात. ज्यांचा ट्रॅक्टर हवेने थंड होणारा आहे, त्यांना पाण्याची चिंता नाही, पण सिलिंडरच्या पाळ्या स्वच्छ ठेवणे हे त्यांचे काम दुप्पट महत्त्वाचे.

ट्रॅक्टर मध्येच बंद पडला, तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. हेड वाकले, गॅसकिट उडाले, म्हणजे दहा-पंधरा दिवस गेले. तेवढे दिवस टोळी कोपीत बसून राहते. ऊस वाहिला नाही, तर मजुरी नाही. आणि मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच. वर्ष संपताना ज्या घराचे दोन पैसे सुटायचे, ते घर पुढल्या हंगामाला बांधले जाते. डबाभर कूलंट महाग वाटते, ते या हिशेबात धरून पाहावे. गॅसकिट जायला लागल्याच्या खुणा आधी दिसतात. कुठेही गळती नसताना पाणी कमी होत जाते, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात, ऑइलची कांडी काढली तर ऑइल ताकासारखे दुधाळ दिसते. अशी खूण दिसल्यावर आणखी एक खेप करू म्हणणारा माणूस मी पाहिला आहे. त्याची ती खेप झाली नाही.

रस्त्यात गळती लागली तर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती आपले ड्रायव्हर करतात. बारीक भोक तिने काही काळ बुजते, हे खरे. घरी पोचण्यापुरती ती ठीक. पण तीच हळद पुढे बारीक नळ्याही बुजवते, म्हणून घरी आल्यावर सारे धुऊन काढलेच पाहिजे.

आता माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी वैशाखात, भर दुपारी, मी बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढत होतो. काटा तांबड्यात गेला. जीप कडेला घेतली, बॉनेट उघडले, आणि घाईघाईने रुमाल गुंडाळून झाकण फिरवले. तापलेले पाणी झाकणाखाली दाबाने धरलेले असते. शंभराच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सुटले, दाब गेला, की ते एका क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरांहून अधिक जागा मागते. ती जागा तिने माझ्या डाव्या हातावर घेतली. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने आपला कॅन माझ्या हातावर ओतला म्हणून निभावले. पुढे तीन आठवडे मी फळ्यावर लिहिताना पुस्तक धरायला एका विद्यार्थ्याला उभे करीत होतो.

तेव्हा गाडी तापली तर ओझे कमी करून कडेला थांबावे. पाणी शाबूत असेल तर इंजिन दोन मिनिटे मंद चालू द्यावे, म्हणजे पंखा आणि पंप उष्णता काढून घेतात. पाइप फुटून पाणीच गेले असेल, तर मात्र तत्काळ बंद करावे. मग निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. नंतर जाड फडके ठेवून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, फुस्स आवाज संपू द्यावा, मग काढावे. तापलेल्या कोरड्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड तडकते. नव्या मोटारींत विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी सुरू होतो, म्हणून बोटे दूर ठेवावीत. आणि भाजलेच, तर साध्या गार पाण्याची धार वीस मिनिटे, नंतर दवाखाना. शाई नको, टूथपेस्ट नको, हळदही नको.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि चवीला गोड आहे. मोठ्या माणसाला शंभर मिलिलिटरच्या आसपास, आणि लहान मुलाला एखादा-दुसरा मोठा चमचासुद्धा जीवघेणा ठरू शकतो. आधी दारू चढल्यासारखे वाटते, मग काही तासांनी बरे वाटल्याचा भास होतो, आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. तळावर कोपीपुढे ट्रॅक्टरचे पाणी बादलीत किंवा घमेल्यात सोडलेले असते, शेजारी रंगीत पाण्याकडे बघणारी पोरे असतात, तहानलेली शेळी असते, कुत्रे असते. सोडलेले कूलंट झाकणाच्या कॅनमध्येच धरावे आणि मिस्त्रीच्या दुकानी द्यावे; नाल्यात, विहिरीजवळ, गोठ्यापाशी ओतू नये. कोणी प्यालाच, तर लक्षणांची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन मोठ्या रुग्णालयात जावे. वेळेत गेले तर त्यावर उतारा आहे.

आपल्या घरांत रिकामा डबा कोणी फेकत नाही. कूलंटचा रिकामा कॅन मजबूत असतो, रंगाने देखणा असतो, आणि दोनदा धुऊन तो घरात येतो: कधी गोड्या तेलासाठी, कधी शेतात प्यायच्या पाण्यासाठी. त्याला खिळ्याने तळाशी चार भोके पाडा, आणि मगच तो अंगणात जाऊ द्या.